बिलांचे पैसे आणि रोजच्या खर्चाचे पैसे वेगळे कसे ठेवता?

जुई_नाशिक | ९ जून, रात्री १०.४०

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. ५ तारखेपासून हा विषय डोक्यातून जात नाहीये.

आमचा घराचा हप्ता परत गेला. हप्ता १४,८६० चा, खात्यात होते १४,२१२. कमी पडले ६४८. त्याबद्दल बँकेने ५०० अधिक जीएसटी असे ५९० कापले, कर्जवाल्यांनी तेवढेच वेगळे लावले. ६४८ कमी पडले म्हणून १,१८० गेले. घर घेऊन सहा वर्षं झाली, आजवर एकही हप्ता चुकला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. माझे २६,००० एक तारखेला येतात. नवरा सातपूरला कंपनीत आहे, त्याचे ३४,००० सात तारखेला. दोन्ही पगार एकाच जॉइंट खात्यात, आणि तेच खातं दोघांच्या फोनला जोडलेलं. घरात सासूबाई आणि तिसरीतली मुलगी.

काल रात्री स्टेटमेंट काढून बसले. ३१ मे ला शिल्लक १,३००, त्यात माझा पगार, म्हणजे २७,३००. शाळेचे गणवेश आणि वह्या-पुस्तकं ५,८४०, सासूबाईंच्या बीपी-शुगरच्या गोळ्या १,९२०, महिन्याचा किराणा २,७६०. हे तिन्ही टाळण्यासारखे नव्हतेच. त्याशिवाय २,५६८ रुपये चार दिवसांत २३ पेमेंटमध्ये गेले. भाजी ४०, रिक्षा ६०, झेरॉक्स १२, दूध ३२, पुन्हा भाजी ३५. शेवटची दोन नवऱ्याची, ४ तारखेच्या संध्याकाळची: पेट्रोल ५०० आणि आंबे ४००. आता आंबे संपतील म्हणून मुलीसाठी आणले. त्याआधी त्याने पंपावर बॅलन्स बघितला, १५,११२ दिसले. म्हणाला, "मला वाटलं, आहेत की." त्याला मी काय बोलणार, मीही असाच बॅलन्स बघून खर्च करते.

सासूबाईंचं म्हणणं, त्यांच्या वेळी पगाराच्या दिवशी पाच पाकिटं व्हायची: भाड्याचं, दुधाचं, वाण्याचं, फीचं आणि आल्यागेल्याचं. आता पाकिटंच नाहीत, सगळं फोनमध्ये.

तर विचारायचं हे की बिलांसाठी वेगळं खातं काढावं का? काढलं तर त्यात किती टाकायचे हे कसं ठरवता? नवऱ्याचं म्हणणं, एका घराला आणखी एक खातं कशाला, आपण जरा लक्ष ठेवू. पण लक्ष आधीही ठेवतच होतो.

---

गंगापूररोड | ९ जून, रात्री ११.१५

सगळ्यात आधी हप्त्याची तारीख बदलून मिळते का विचारा. बरेच कर्जदाते दोन-तीन तारखांचा पर्याय देतात. ५ ऐवजी १० मिळाली तर दोन्ही पगार आधी जमा झालेले असतील. शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. फोनवर नुसतं सांगून येऊ नका.

---

वसुधा_सांगली | १० जून, दुपारी २.०५

अगं जुई, माझ्याहून बरीच लहान असशील म्हणून एकेरी लिहिते, राग मानू नकोस.

आधी एक सांगते. आंब्यांनी हप्ता बुडवला असं दोघांनीही मनात आणू नका. त्या १५,११२ मधले १४,८६० दुसऱ्या दिवशी जायचेच होते. खर्चायला होते फक्त २५२. फोनवर मात्र पंधरा हजार दिसत होते. तुझ्या सासूबाईंच्या पाकिटात हे बघितल्याबरोबर कळायचं. भाड्याचं पाकीट जाडजूड असलं तरी दुधाचं रिकामं झालं की हात थांबायचा. लक्ष ठेवून हे होत नाही. दुकानदार क्यूआर पुढे करून उभा असताना कुणी मनात वजाबाकी करत नाही. त्यामुळे बिलांचे पैसे फोनमधल्या खात्यात दिसताच कामा नयेत, असं माझं ठाम मत आहे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. आमचे हे साखर कारखान्यात हंगामी कामाला होते. गळीत चालू असेपर्यंत पूर्ण पगार, चिमणी थंड झाली की नुसतं रिटेन्शन, म्हणजे पगाराचा थोडासा हिस्सा. आणि मुलांची फी यायची नेमकी जूनमध्ये, कारखाना बंद असताना. लग्नानंतरची पहिली तीन वर्षं जून आला की माझ्या पोटात गोळा यायचा. दोनदा पाटल्या गहाण टाकल्या. दुसऱ्यांदा सोडवून आणल्या त्या दिवशी स्वयंपाकघरात बसून दोनशेपानी वहीत वर्षभरात काय काय द्यावं लागतं ते सगळं लिहून काढलं. त्या पानावर हळदीचा डाग आहे, वही अजून माझ्याकडे आहे.

पुढे मी पतसंस्थेत १९ वर्षं काउंटरला बसले. दर जूनला ठेव मोडायला तीच माणसं यायची. मुदत पुरी व्हायला तीन-चार महिने उरलेले, व्याज सोडायचं आणि फी भरायची. उधळे नव्हते गं ते, नीट संसार करणारी माणसं. महिन्याची बिलं त्यांना तोंडपाठ असायची. वर्षातून एकदा-दोनदा येणारं मात्र कुठल्याच महिन्याच्या हिशेबात बसत नसे. तुझंही तेच झालंय बघ. जूनमध्ये ५,८४० शाळेला गेले, आणि ते जानेवारीपासून माहीत होतं.

आता किती टाकायचे ते. दोन याद्या कर. पहिली दर महिन्याची: हप्ता, लाईट, सोसायटी, इंटरनेट, गोळ्या. लाईट बिलाचा आकडा मागच्या महिन्याचा धरू नकोस. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्यातला उन्हाळ्यातला मोठा महिना धर. थंडीत जे उरेल ते मे महिन्यात कामाला येतं.

दुसरी यादी वर्षाची, आणि इथे वेळ घे, एका बैठकीत ती पुरी होत नाही. मागच्या वर्षी माझी अशी होती: मुलीचं कॉलेज ३२,०००, विम्याचा हप्ता १२,४००, दिवाळी १२,०००, घरपट्टी ४,२००, गणपती ४,०००, गाडीचा विमा १,६५०. बेरीज ६६,२५०. बाराने भागलं तर ५,५२१ येतात, मी ५,६०० धरते. दर महिन्याला तेवढे बिलांच्या खात्यात जातात, फी असो वा नसो. मोबाइल रिचार्ज लोक महिन्याच्या यादीत घालतात, तिथे चुकतं. २८ दिवसांचा पॅक असेल तर वर्षात १२ नाही, १३ रिचार्ज होतात. ८४ दिवसांचा असेल तर कुठल्या महिन्यात येईल ते लक्षातच राहत नाही. ते वर्षाच्याच यादीत टाक. गॅसचंही तसंच, आमची टाकी ३८-४० दिवस जाते.

आता तुझी खरी अडचण, म्हणजे तारखा. त्यावर मी केलेला उपाय सांगते, त्याला वेळ लागतो पण तो कायमचा आहे. बिलांच्या खात्यात एका महिन्याचे पैसे आगाऊ असू देत. म्हणजे जुलैमध्ये टाकलेले पैसे ऑगस्टच्या बिलांना. मग पगार १ ला होवो, ७ ला होवो, की सणामुळे दोन दिवस पुढे जावो, ५ तारखेच्या हप्त्याला काहीच फरक पडत नाही. ही आगाऊ रक्कम उभी करायला मला दीड वर्ष लागलं. एकदा बोनस, एकदा भिशी लागली ती, बाकी पाचशे-पाचशे करून. तुमच्याकडे दोन पगार आहेत, दिवाळीपर्यंत होईल.

खातं काढताना काही गोष्टी बघ. किमान शिल्लक ठेवावी न लागणारं साधं बचत खातं, बेसिक खातं म्हणतात ते, बँकेत मागितलं तर मिळतं. पण ज्या बँकेत आधीच बचत खातं आहे तिथे ते मिळत नाही, आधीचं बंद करावं लागतं. म्हणून दुसऱ्या बँकेत काढ. दोघांच्या नावावर काढ, दोघांपैकी कुणालाही चालवता येईल असं. ते यूपीआयला जोडू नका, एटीएम कार्ड कपाटात राहू दे. घरापासून लांबची शाखा असली तरी चालेल, किंबहुना बरंच.

हप्ता नव्या खात्यातून जायला हवा असेल तर कर्जवाल्यांकडे नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापायची परवानगी, भरून द्यावं लागेल. ते लागू व्हायला काही आठवडे जातात. नव्या खात्यातून पहिला हप्ता गेल्याचा मेसेज येईपर्यंत जुन्या खात्यात हप्त्याइतके पैसे ठेवायचेच. आमच्या काउंटरवर याच फटीत कितीतरी लोक अडकलेले मी बघितलेत. आणि हप्ता परत गेला हे हलकं घेऊ नकोस, पण घाबरूही नकोस. कायद्याने ते चेक परत जाण्यासारखंच धरलंय, २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्टच्या कलम २५ मध्ये. क्रेडिट स्कोअरवरही डाग पडू शकतो. तुझा पहिलाच आहे, पैसे लगेच भरले असशील तर पोच जपून ठेव.

अडीअडचणीला या खात्याला हात लागतोच. लागला तर वहीत लिहायचं, एवढाच नियम आमच्या घरात आहे. एका पानावर यांच्या अक्षरात आहे, "टायर १,८००, दिवाळीपर्यंत परत." परत भरले तेव्हा त्यांनी स्वतः त्यावर रेघ मारली.

---

केतकी_ठाणे | १० जून, संध्याकाळी ६.३०

वसुधाताई, वही फार आवडली. मी मात्र उलट्या बाजूने जाते. पगाराचं खातं बिलांसाठी तसंच राहू देते आणि रोजचा खर्च वेगळा काढते. त्यासाठी यूपीआय लाइट वापरते, म्हणजे यूपीआय अ‍ॅपमधलंच छोटं पाकीट. त्यात एका वेळी जास्तीत जास्त ५,००० ठेवता येतात, एक पेमेंट १,००० पर्यंत, पिन लागत नाही. मी दर सोमवारी २,५०० भरते. भाजी, रिक्षा, चहा, दूध सगळं त्यातून. गुरुवारी ४०० उरले असतील तर ते लगेच दिसतं आणि मी शुक्रवारी लोकलनेच घरी येते. जुईसारखी २३ पेमेंट केली तरी पासबुकात एकच नोंद येते, त्यामुळे स्टेटमेंटही वाचता येतं.

जुई, नवरा नव्या खात्याला तयार नसेल तर आजपासून हे सुरू करता येईल, कागदपत्रं काही लागत नाहीत. फक्त पिन नसल्यामुळे फोनचं लॉक मात्र हवंच.

---

वसुधा_सांगली | १० जून, रात्री ८.५०

केतकी, हे चांगलं आहे, मुलीला सांगते. पण पगाराच्या खात्यात वर्षाचे पैसे साठत गेले की चाळीस-पन्नास हजार दिसायला लागतात. तेव्हा फ्रिज बदलावासा वाटतो. माझं वाटलं होतं, म्हणून सांगते. दोन्ही केलं तर उत्तम.

---

शिवणयंत्र | ११ जून, सकाळी ७.१०

इचलकरंजीहून लिहितोय. ताई, तुमच्याकडे पगार तरी आहे. माझं शिलाईचं दुकान आहे, रोज येईल ते. लग्नसराईत दिवसाला दोन-अडीच हजार, आषाढात कधी तीनशे. मला एक तारीख नाही, त्यामुळं बाराने भागून एकदम बाजूला टाकणं जमत नाही.

मी पतसंस्थेत पिग्मी लावली आहे, म्हणजे रोज थोडे थोडे भरायची ठेव. एजंट संध्याकाळी सातला दुकानात येतो. धंदा झालेला असो नसो, २५० द्यायचे. महिन्याचे २६ दिवस धरले तर ६,५०० होतात. दुकानभाडं ४,००० आणि दुकानाचं लाईट बिल २,३०० च्या आसपास, दोन्ही त्यातून भागतात. पूर्वी भाडं एक तारखेला जमवायचो, तेव्हा २५ तारखेपासून गिऱ्हाइकाकडं अ‍ॅडव्हान्स मागत फिरायचो. अ‍ॅडव्हान्स घेतला की कापड आधी कापावं लागतं, मग जुनं काम मागं पडतं, माणसं तोडून बोलतात. आता ते थांबलं. दुकानाचा क्यूआर एका खात्याला आणि घरखर्च दुसऱ्या खात्यातून, हेही त्याच वेळी केलं. शनिवारी घरखर्चाला ठरलेली रक्कम पाठवतो.

पिग्मीबद्दल एक लक्षात ठेवा. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँक असली तरी, ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो नसतो. म्हणून मी तिथं दोन-तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त साठू देत नाही. आणि एजंटनं मशिनची पावती दिल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, ओळखीचा असला तरी.

---

जुई_नाशिक | ६ ऑगस्ट, रात्री ९.३०

उशिरा लिहितेय, सगळ्यांचे आभार. काल ५ तारीख होती, म्हणून आज लिहायचं ठरवलंच होतं.

तारीख बदलून मिळाली नाही. मग वसुधाकाकूंनी सांगितलं तसं दुसऱ्या बँकेत आमच्या दोघांचं बेसिक खातं काढलं. नवऱ्याला पटवायला मला फार बोलावं लागलं नाही. तो २५२ चा आकडा त्याला वाचून दाखवला. तो गप्प बसला, मग म्हणाला, रविवारी यादी करू.

यादीला दोन रविवार लागले. महिन्याची: हप्ता १४,८६०, गोळ्या १,९५०, लाईट १,३००, सोसायटी १,२००, गॅस ९००, इंटरनेट ५९०. एकूण २०,८००. वर्षाची: शाळेची फी २८,०००, तीन फोनचे रिचार्ज ११,५००, दिवाळी १०,०००, पॉलिसी ९,६००, गणवेश-पुस्तकं ६,०००, घरपट्टी ३,१००, दोन गाड्यांचा विमा ३,०००. बेरीज ७१,२००, बाराने भागून ५,९३३, आम्ही ६,००० धरले. म्हणजे महिन्याला २६,८००. हा आकडा बघून मला धक्का बसला, कारण माझ्या अख्ख्या पगारापेक्षा तो जास्त आहे. इतकी वर्षं मी माझा पगार घरखर्चाचा आणि त्याचा हप्त्या-बिलांचा असं मनात धरून चालले होते.

एकदम २६,८०० एका पगारातून निघणार नाहीत, म्हणून १ तारखेला माझ्या पगारातून १५,००० आणि ७ तारखेला त्याच्या पगारातून ११,८००. दोन्ही आपोआप जातील असं बँकेत लावून दिलंय. माझ्या १५,००० मधून ५ तारखेचा हप्ता भागतो. आगाऊ महिना अजून उभा राहिलेला नाही. या वर्षी आम्ही दोघांचा दिवाळी बोनस त्यात टाकणार आहोत.

जुलैचा हप्ता जुन्या खात्यातूनच गेला. मँडेट बदलायला पाच आठवडे लागले. काकूंनी सांगितलं नसतं तर मी तिकडचे पैसे काढून घेतले असते. काल सकाळी सहा वाजून काही मिनिटांनी नव्या खात्यातून हप्ता गेल्याचा मेसेज आला, तेव्हा मी डबा भरत होते. नवऱ्याला उठवून दाखवला.

रोजच्यासाठी केतकीचा उपाय दोघांनी घेतलाय, आठवड्याला मी १,५०० आणि तो १,२००. त्याचे दुसऱ्या आठवड्यात शनिवारीच संपले, मग रविवारी माझ्याकडून घेतले आणि वहीत लिहिले. हो, वहीसुद्धा केली आहे.

यादी स्वयंपाकघरात कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे. परवा दार उघडलं तर खाली पेन्सिलीने सासूबाईंच्या अक्षरात एक ओळ होती, "चष्मा, दर दोन वर्षांनी, २,४००." काच चार महिन्यांपासून चरे पडलेली आहे, त्या बोलल्या नव्हत्या. शनिवारी त्यांना घेऊन जाते आहे. १,२०० वर्षाच्या यादीत वाढवले, महिन्याला १०० जास्त.